दहा हजार आगाऊ

२ नोव्हेंबर, सकाळी ७.१०

आजपासून रोजनिशी. कारण बाथरूम. घरात काम निघालं की माणसं बोलतात एक, करतात भलतंच, आणि शेवटी सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसतात. लेखी नोंद हवी. ऑफिसच्या खरेदी खात्यात बत्तीस वर्षं काढली, आजवर मला कोणी गंडवलेलं नाही. गेल्या वर्षी रिटायर झालो तेव्हा साहेब भाषणात म्हणाले होते, यांच्या हातून ऑफिसात एक टाचणीसुद्धा सुखासुखी आत आली नाही. लोक बराच वेळ हसत होते. कौतुकच होतं ते.

परिस्थिती अशी. आई पडल्यापासून चार महिने ताईकडे आहे. वॉकर घेऊन चालते. ताई तीस तारखेला तिच्या मुलीकडे जाणार, बाळंतपणासाठी, तीन महिने. म्हणजे तीसच्या आत आई आपल्याकडे. डॉक्टरांचं म्हणणं, बाथरूमला उंबरा नको, फरशी खरखरीत हवी, धरायला दोन दांडे हवेत. आमच्या बाथरूमला सहा इंचांचा उंबरा, फरशी आरशासारखी आणि दार बावीस इंच. वॉकर पंचवीस इंच. मी स्वतः मोजला.

हातात अठ्ठावीस दिवस. काम सहा दिवसांचं. बावीस दिवस शिल्लक राहतात, त्यात वाचन करीन.

ठराव: कोणालाही एक पैसासुद्धा आगाऊ द्यायचा नाही. आधी काम, मग दाम.

३ नोव्हेंबर

ताईने तिच्याकडचा मिस्त्री पाठवला. साठीचा, अंगाने वाळका. आला आणि दहा मिनिटं बाथरूममध्ये नुसता उभा राहिला. बोलला काहीच नाही. फरशीवर बोटाने टकटक केली, कान लावला. जो माणूस बोलत नाही तो मनात हिशेब करत असतो.

मग म्हणाला, सहा दिवस, सगळं मिळून बेचाळीस हजार, आणि दहा हजार आधी द्या, रोख. मी विचारलं कशाला. म्हणाला, रेती-सिमेंटला, आणि दोन माणसांचा शनिवारचा पगार. मी म्हटलं तुमच्या रेतीला मी पैसे का द्यायचे. तर म्हणतो, रेती तुमच्याच बाथरूममध्ये राहणार आहे साहेब. उत्तर तयार होतं! म्हणजे हा प्रश्न त्याला पूर्वीही कोणीतरी विचारलेला आहे. कोणी, आणि त्याचं पुढे काय झालं?

चहा प्यायला आणि कप स्वतः विसळून ठेवला. एवढी सभ्यता कशासाठी?

कळवतो म्हणून सांगितलं.

५ नोव्हेंबर, दुपारी ४

आईला फोन केला. सगळी योजना समजावून दिली. आगाऊ पैशांचा धोका कसा असतो ते विस्ताराने सांगितलं. आमच्या ऑफिसातल्या कॅशियरने कपाटांसाठी सुताराला अर्धे पैसे आधी दिले होते. सहा वर्षं झाली, कॅशियरचे कपडे अजून खुर्चीवर आहेत. पंचवीस मिनिटं बोललो. आईने मध्ये एकही प्रश्न विचारला नाही. शेवटी म्हणाली, बरं, कर सावकाश, जिवाला त्रास करून घेऊ नकोस.

आईचा माझ्यावर पूर्ण विश्वास आहे. घरात एका तरी माणसाचा असावा.

७ नोव्हेंबर

हिचं सुरू झालं. म्हणते, दहा हजारांनी आपण भिकेला लागणार नाही, त्या मिस्त्रीने ताईकडचं काम पाच दिवसांत केलंय. मी म्हटलं, ताईकडे त्याने विश्वास कमावला, तो इथे खर्च करणार. तिला पटलं नाही. तिला खरेदी खात्याचा अनुभव नाही.

शेवटी तडजोड. दहा हजार द्यायचे, पण पक्की पावती घेऊन. ठरावाला बाध येत नाही, कारण पावती घेतली की ते नुसते आगाऊ राहत नाहीत, दस्तऐवज होतात.

पावतीचा मसुदा केला. तीनदा. ऑफिसातल्या नमुन्यावर बेतला आहे. त्या नमुन्यात बत्तीस वर्षांत कोणाला पळवाट सापडली नाही.

९ नोव्हेंबर, सकाळी १०.३०

विचित्र प्रकार. सगळं जसंच्या तसं लिहून ठेवतो.

मिस्त्री आला. मी पाचशेच्या वीस नोटा टेबलावर ठेवल्या, पावती पुढे केली आणि सही करायला सांगितलं. त्याने चष्मा काढला, पुसला, घातला आणि एकेका शब्दाखाली बोट ठेवत मोठ्याने वाचायला लागला. मी... मिस्त्री... आगाऊ... आणि बोट तिथेच थांबलं.

पूर्ण वाक्य असं होतं: मी मिस्त्री आगाऊ रोख दहा हजार मिळाल्याचे कबूल करतो. सरकारी मराठीत स्वल्पविराम नसतो. त्यात गैर काही नाही.

तो म्हणाला, मी आगाऊ? मी म्हटलं, तुम्ही नाही, रक्कम आगाऊ. तो म्हणाला, इथे तर मिस्त्री आगाऊ लिहिलंय, आणि खाली कबूल करतो असंही लिहिलंय. सत्तावीस वर्षं लोकांच्या घरात जातो, कोणी उद्धट म्हटलं नाही, आगाऊ म्हटलं नाही, आणि तुम्ही माझ्याकडून लिहून घेताय. मी त्याला व्याकरण समजावून दिलं. विशेषण हे पुढच्या नामाचं असतं, मागच्या नाही. तो म्हणाला, मग तो शब्द उचलून रकमेपाशी ठेवा. मी म्हटलं, पावतीवर खाडाखोड चालत नाही. ही आतून ओरडली की अहो, त्यापेक्षा अ‍ॅडव्हान्स लिहा ना. मी म्हटलं, चांगला मराठी शब्द असताना इंग्रजी का लिहू?

आणि मुद्दा तो नाहीच. एका साध्या शब्दाला एवढं बिचकायचं कारण काय? चोराच्या मनात चांदणं. मी मुद्दाम शब्द बदलला नाही.

त्याने नोटांना हातही लावला नाही. उठला, हिला नमस्कार केला आणि गेला. चहा अर्धा तसाच. आज कप विसळला नाही, तेव्हा खरं रूप दिसलं.

नोटा मोजल्या. वीसच्या वीस. दहा हजार वाचवले.

रात्री ९. संध्याकाळी ही एवढंच म्हणाली की त्या पावतीवर तुम्हीच सही करून ठेवा, कामी येईल. अर्थ लागला नाही.

११ नोव्हेंबर

देव पाठीशी असला की असं होतं. फोनवर जाहिरात दिसली: संपूर्ण बाथरूम सोल्युशन, एक पैसाही आगाऊ नाही! दोन तासांत माणूस घरी हजर. टाय लावलेला. गवंडीकामाला टाय! (पुढे याचा उल्लेख टाय असाच करीन.) टॅबलेटवर आमचंच बाथरूम तयार झाल्यावर कसं दिसेल ते रंगीत चित्र दाखवलं. त्यात आमच्या बाथरूमला खिडकीसुद्धा होती.

मी सहजासहजी हुरळत नाही. ओळखपत्र मागितलं, दिलं. जुन्या दोन गिऱ्हाइकांचे नंबर मागितले, दिले. दोघांशीही बोललो. दोघांनी तोंड भरून कौतुक केलं, तेही जवळजवळ त्याच शब्दांत. आवाजही सारखाच वाटला, पण दुसऱ्याला सर्दी झालेली होती.

मी स्पष्ट विचारलं, आगाऊ? टायने दोन्ही कानांना हात लावले. म्हणाला, सर, तो शब्दच आमच्या कंपनीत वापरत नाहीत.

याला म्हणतात भाषेची जाण.

१३ नोव्हेंबर, दुपारी १.१५

सकाळी आठला चार माणसं आली. एकपर्यंत उंबरा गेला, फरशी गेली, कमोड गेला, बेसिन गेलं, दार चौकटीसकट गेलं. पाण्याचा पाइप कापून त्याला बूच मारलं. काय वेग! मिस्त्री अजून टकटक करत बसला असता. राडारोडाही त्यांनीच गाडीत भरून नेला, सोबत जुने नळ, बेसिन आणि दार. हे सगळं फुकट. आतापर्यंत माझा एक पैसा गेलेला नाही.

हिने विचारलं, आंघोळ कुठे करायची? मी म्हटलं, दोन दिवसांचा प्रश्न आहे, समोरच्या काकूंकडे विचार. ती म्हणाली, तुम्हीच विचारा, मी दार नेऊ द्या म्हटलं नव्हतं.

विचारलं. काकूंनी वेळ दिली आहे. सकाळी सव्वासहा ते पावणेसात, दोघांत मिळून.

१४ नोव्हेंबर

टायने सांगितलेल्या दुकानाच्या फरशा टॅबलेटवर निवडल्या. खरखरीत, राखाडी. एकतीस हजार. पैसे टायकडेच दिले, दुकानात तोच भरणार, म्हणजे त्याला डिस्काउंट मिळतो आणि तो डिस्काउंट तो मला देतो. ही म्हणाली, हे आगाऊच झालं. तिला समजावून सांगितलं. माल न पाहता कामाचे पैसे देणं म्हणजे आगाऊ. ही खरेदी आहे. मला खरेदी कळत नसेल तर कोणाला कळते?

पावती लगेच मिळाली. छापील, तीन रंगांत, शिक्क्यासह. एकही खाडाखोड नाही. मिस्त्रीला दाखवायला हवी.

१७ नोव्हेंबर

फरशा आल्या नाहीत. फोन केला, टाय मीटिंगमध्ये.

काकूंकडे गरम पाणी पुरत नाही. मी आधी जातो. हिचा त्यावर आक्षेप आहे.

१८ नोव्हेंबर

टाय स्वतः आला! उगाच शंका घेतली. फरशा निघाल्या आहेत, फक्त बसवणाऱ्या टीमचं बुकिंग कन्फर्म करायला हवं. बारा हजार. मी सावध होऊन म्हटलं, हे आगाऊ तर नाही ना? तो दुखावला. म्हणाला, सर, बुकिंग म्हणजे बुकिंग. सिनेमाचं तिकीट काढतो तेव्हा आगाऊ म्हणतो का?

दिले. मुद्दा बिनतोड होता.

ही दारात उभी राहून ऐकत होती. आमच्या बाथरूमच्या दारात, म्हणजे जिथे दार होतं तिथे.

२१ नोव्हेंबर

टायचा फोन लागत नाही. काल पाच वेळा केला, आज अकरा. सर्दीवाल्या गिऱ्हाइकाला केला, तोही लागत नाही. आजार वाढला असावा.

दुकानात जाऊन आलो. मालकाने पावती उलटसुलट पाहिली आणि दुकानातल्या पोरांना दाखवायला आत नेली. आमच्या दुकानाच्या नावात एकच ल आहे म्हणाला, तुमच्या पावतीत दोन आहेत. अशा पावत्या घेऊन या महिन्यात येणारे तुम्ही चौथे. सगळे रिटायर झालेले.

मी त्याला सांगितलं की मी आगाऊ दिलेले नाहीत. तो म्हणाला, बरं.

पोलीस चौकीत तक्रार नोंदवली. तिथल्या माणसाने विचारलं, आगाऊ रक्कम किती? मी म्हटलं, शून्य. फरशीचे एकतीस आणि बुकिंगचे बारा. त्याने माझ्याकडे पाहिलं, हातातला पेन खाली ठेवला आणि पाणी मागवलं. माझ्यासाठी.

संध्याकाळ. हिने गरम पोळी वाढली. भांडली असती तर बरं वाटलं असतं.

तीस तारखेला नऊ दिवस. काम सहा दिवसांचं. म्हणजे अजून तीन शिल्लक आहेत.

२२ नोव्हेंबर

मिस्त्रीकडे गेलो. स्वतःहून. हिने पाठवलं म्हणून नव्हे. ती फक्त चपला पुढे ठेवून उभी होती.

तो एका इमारतीला बांधलेल्या बांबूंच्या पहाडावर चढून गिलावा करत होता. मी खाली उभा राहून मान वर करून बोललो. सांगितलं की शब्दाचा गैरसमज झाला होता, आणि फोडाफोडीचं काम मी आधीच करून ठेवलंय, तेवढे पैसे कमी करा. त्याने थापी धुतली, खाली उतरला, आमच्याकडे आला आणि पुन्हा दहा मिनिटं बाथरूममध्ये उभा राहिला. यावेळी फरशी नव्हती म्हणून टकटक केली नाही.

म्हणाला, त्या लोकांनी खालचा पाइपही तडकवलाय. चार हजार वाढतील. दहा आधी लागतील.

दिले. पावतीवर मोठ्या अक्षरांत अ‍ॅडव्हान्स लिहिलं. त्याने न वाचता सही केली. न वाचता! म्हणजे त्याला पावतीची किंमत नाही. म्हणून मी त्याच्यासमोरच वीसही नोटांचे नंबर या वहीच्या मागच्या पानावर उतरवून घेतले. तो शांतपणे थांबला. पंधराव्या नोटेचा नंबर वाचता येईना, तर त्यानेच उजेडात धरून सांगितला.

२४ नोव्हेंबर

काम चालू आहे. भिंत कापून दाराची जागा तीस इंच केली. पाइप बदलला. मी खुर्ची टाकून पॅसेजमध्ये बसतो. सिमेंटच्या पोत्यावर पेन्सिलीने खूण केली आहे, म्हणजे किती वापरलं ते कळतं. मिस्त्रीने खूण पाहिली. खाली वाकून बारीक अक्षरांत वेळही लिहून ठेवली. टिंगल असावी. की मदत? लक्ष ठेवायला हवं.

२६ नोव्हेंबर, सकाळी ११

जे वाटलं होतं तेच. मिस्त्री म्हणतो वॉटरप्रूफिंग केलंय, आता पाणी भरून दोन दिवस तसंच ठेवायचं. गळलं नाही तरच फरशी. म्हणजे दोन दिवस काम पाणी करणार आणि पैसे हा घेणार! मी म्हटलं, तीस तारखेला आई येणार आहे. तो म्हणाला, ठाऊक आहे मला, पण घाईने फरशी लावली आणि खालून पाणी आलं तर म्हातारं माणूस घरात असताना परत फोडावं लागेल. पाच डिसेंबरला देतो.

मी विचारलं, तीस तारीख ठाऊक आहे म्हणजे कशी? तो म्हणाला, तुम्हीच रोज सांगता.

आईला फोन केला. म्हटलं, चार-पाच दिवस मागेपुढे होईल, ताईला म्हण जरा थांब. आई म्हणाली, अरे तिची पोर अवघडलीये, तिला कुठे थांबवतोस. माझं होईल काहीतरी, तू जेवलास का?

माझं होईल काहीतरी म्हणजे काय? आईचं हे एक आहे, मोघम बोलते. माणसाने तारीख आणि वेळ सांगावी.

ठराव: तीसला आई येणारच. पाच दिवस काकूंच्या बाथरूमवर भागवू. काकूंचं दार सव्वीस इंच आहे. काल मोजून ठेवलं, आंघोळीच्या वेळेत.

२७ नोव्हेंबर

पकडला! म्हणजे जवळजवळ पकडला.

आज पाणी तपासायला मिस्त्री आला. गळती नाही. जाताना काखेत काहीतरी गोणपाटात गुंडाळलेलं. एका टोकातून चकचकीत स्टील दिसलं. दांडे! धरायचे दांडे! माझ्या पैशांतून घेतलेले, माझ्या आईसाठी. आणि चालले दुसऱ्याच्या घरी. विचारलं, हे काय? तर म्हणाला, दुसरीकडचं काम आहे. वर नजर चुकवली. सत्तावीस वर्षांची अब्रू आणि नजर चुकवतो!

हिला सांगितलं. तिनेही नजर चुकवली. म्हणाली, जाऊ द्या हो.

उद्या पाठलाग.

२८ नोव्हेंबर, सायंकाळी ५

दुपारी अडीचला मिस्त्री पाणी पाहून, कालचंच गोणपाट घेऊन आमच्याकडून निघाला. मी टोपी घालून, वर्तमानपत्र घेऊन, वीस पावलं मागे. तो औषधाच्या दुकानापाशी वळला, मी वळलो. तो थांबला की मी वर्तमानपत्र वाचायचो. एकदा उभ्या व्हॅनच्या मागे लपलो, तर आत ड्रायव्हर बसलेला होता, त्याने काच खाली करून विचारलं काय हवंय. तेवढ्यात मिस्त्री पुढे गेला. पळालो. शाळेच्या मागच्या रस्त्यावर, झाडं असलेल्या एका आवारात तो शिरताना दिसला. फाटकापाशी पोचलो तर फाटक उघडं होतं. तो एका हाताने धरून उभा होता. माझ्यासाठी. म्हणाला, या साहेब, ऊन फार आहे.

आत बैठी इमारत, लांबलचक व्हरांडा, ओळीने खोल्या. व्हरांड्यात पाच-सहा म्हातारी माणसं खुर्च्यांवर. पाटीवर ज्येष्ठांसाठी निवास असं काहीतरी होतं. सात नंबरच्या खोलीत मिस्त्री शिरला. मी त्याच्या मागोमाग आत घुसलो, मोठ्याने म्हणालो, हे दांडे कोणाचे आहेत?

आई म्हणाली, माझे.

खुर्चीवर बसली होती. हात हवेत धरून उंची दाखवत होती, इथे लाव, जरा खाली, हां. ताई टेप धरून उभी होती. ताईच्या हातातून टेप सुटला आणि खर्रकन आत गेला.

मी पावती मागितली.

आईने पर्समधून काढून दिली. तपासली. नंबर आहे. शिक्का आहे. सही आहे. तीन महिन्यांचे पैसे आणि अनामत, रोख, सगळे आगाऊ. खाडाखोड नाही. टायच्या पावतीसारखं नावही चुकलेलं नाही. मी पाटीशी ताडून आलो. मग तारीख पाहिली. सहा नोव्हेंबर.

पाचला मी फोन केला होता. सगळी योजना सांगितली होती. सहाला सकाळी दहा वाजता आईने ताईला रिक्षा बोलवायला लावली.

दांड्यांचे पैसे मिस्त्रीला कधी दिले, असं विचारलं. आई म्हणाली, मागच्याच आठवड्यात दिले, आधीच. किती, ते आठवत नाही. पावती? आईने मिस्त्रीकडे पाहिलं, मिस्त्रीने आईकडे. दोघंही हसली. त्याने ड्रिल सुरू केलं, म्हणून मला पुढे बोलता आलं नाही.

हिला ठाऊक होतं. ताईला ठाऊक होतं. मिस्त्रीलासुद्धा. मी एवढं डोळ्यांत तेल घालून सगळ्यांवर लक्ष ठेवलं, आणि ज्या एका माणसाला काहीच ठाऊक नव्हतं तो मी.

२९ नोव्हेंबर

आज कोणावरही लक्ष ठेवलं नाही. मिस्त्री फरशी लावत होता, मी गॅलरीत बसून होतो. चार वाजता त्याने येऊन विचारलं, पोत्यावर खूण करायची राहिलीये, करू का? म्हटलं नको.

मला आई घरी हवी होती. हे लिहायचं राहूनच गेलं होतं, पहिल्या पानापासून.

३० नोव्हेंबर

आईला सात नंबरमध्ये पोचवलं. बॅग मी उचलली. ताई थेट स्टेशनला गेली. ही आईचं कपाट लावत होती, मग काहीतरी आणायच्या निमित्ताने बाहेर गेली, म्हणजे आम्ही दोघंच राहिलो.

आई वॉकर घेऊन स्वतः बाथरूममध्ये गेली. कोणी धरलं नाही. दार लावलं, आतून कडी घातल्याचा आवाज आला. बराच वेळ लागला. मी बाहेर उभा होतो. बाहेर आली तेव्हा तोंडावर पाणी होतं आणि खुशीत होती.

मी विचारलं, मला सांगितलं का नाहीस? एवढा अविश्वास? माझंही काम पाचला पूर्ण होतंय.

ती म्हणाली, अविश्वास नाही रे, अनुभव. तू तुझ्या बाबांवर गेलायस. आमच्या पहिल्या घरातल्या न्हाणीघराचं दार कुजून पडलं तेव्हा तू तीन वर्षांचा होतास. सुताराने अर्धे पैसे आधी मागितले. बाबा म्हणाले, आधी काम, मग दाम. तो सुतार गेला, दुसरा आला, तिसरा आला. अकरा वर्षं गेली. अकरा वर्षं मी घरातलं कोणी उठायच्या आत आंघोळ उरकायचे, कारण मध्ये नुसता पडदा.

मी म्हटलं, पण शेवटी सुतारच नमला ना? बाबा तर मरेपर्यंत ते सांगायचे, शेवटी एक पैसा आगाऊ न घेता कसा मुकाट्याने आला. आम्हाला तर ते पाठ होतं.

आई म्हणाली, बाबा आठ दिवस बाहेरगावी होते, तेव्हा मी बांगडी मोडून त्याला सगळे पैसे आधीच दिले होते. बाबांना सांगू नकोस म्हणून दोन पैसे वर दिले. त्याने कधी सांगितलं नाही. चांगला माणूस होता.

मग तिने मला विचारलं, जेवून आलायस का, इथे साडेबाराला जेवण असतं, पाहुण्याचं आधी सांगावं लागतं.

मी म्हटलं, जेवून आलोय. आलो नव्हतो.

तो पडदा मला आठवतो. निळा होता, खालून कायम ओला असायचा. मला वाटायचं, शोभेसाठी लावलाय.